घरात बंदुका किती?

आमच्याकडे माणसाला त्याची गुरं किती आणि बंदुका किती, हे कुणी विचारत नाही. विचारणारा एक तर नवखा असतो, नाही तर उद्धट. डॉक्टर कीन नवखी होती. मोंटानात येऊन तिला सहा महिनेही झाले नव्हते.

व्हर्नला, माझ्या नवऱ्याला, मी पाठ दाखवायच्या निमित्ताने दवाखान्यात आणलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मार्चमध्ये त्याचा भाऊ क्लेट गेला, तेव्हापासून व्हर्नने तोंडाला कुलूप लावलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने यंदा एल्क हरणांच्या शिकारीचा परवाना काढला नाही. गेल्या आठवड्यात तर वडिलांचं खोगीर पुतण्याला देऊन टाकलं. "मला काय करायचंय आता त्याचं?" म्हणाला. दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्याची वेळ घेतली.

डॉक्टरने पाठ तपासली. मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "झोप लागते?"

"लागते."

"मरून जावं, असं मनात येतं?"

"सगळेच मरतात, पोरी."

"घरात बंदुका आहेत?"

"नाहीत."

इतक्या सहज बोलला की क्षणभर मलाच खरं वाटलं. माझे सासरेच त्याला शिकवून गेले होते, सरकार, डॉक्टर आणि पाद्री यांना घरातलं काही सांगायचं नाही. आणि चारचौघांत नवऱ्याला मी आजवर कधी खोटं पाडलं नव्हतं.

डॉक्टर लिहायला वाकली. ते "नाहीत" एकदा कागदावर उतरलं की आम्ही घरी जाणार. मग मी गोठ्यात गेले की घरात हा एकटा.

"अकरा," मी म्हणाले.

"डोरीन!"

"अकरा आहेत. नऊ कपाटात, एक पलंगापाशी. एक स्वयंपाकघराच्या दाराआड, कोल्ह्यांसाठी. ती भरलेलीच असते."

"तुला कुणी विचारलं होतं?" व्हर्नचा चेहरा लालभडक झाला. "घरातलं असं चव्हाट्यावर मांडायला लाज नाही वाटत?"

"वाटते. पण तुला पुरण्यापेक्षा लाज परवडली."

डॉक्टर हळूच म्हणाली, "मी कुणाला कळवणार नाही. थोडे दिवस दुसरीकडे ठेवता येतील का? ओळखीचं कुणी?"

"शेजारचा ऑर्विल आहे," मी म्हणाले.

"ऑर्विल?" व्हर्न फिस्कारला. "आपली शिडी दोन वर्षांपूर्वी नेलीय त्याने. अजून परत आणतोय!"

"म्हणूनच त्याच्याकडे ठेवायच्या."

त्याच्या मिशा जराशा हलल्या. मार्चनंतर पहिल्यांदाच. पण लगेच तो टोपी हातात फिरवत बसला. डॉक्टरने घाई केली नाही.

"बारा," तो म्हणाला.

"काय?"

"अकरा नाहीत, बारा आहेत." तो टोपीकडेच बघत होता. "एक पिस्तूल ट्रकच्या सीटखाली आहे. मंगळवारी विकत घेतलं."

मंगळवारी मी बहिणीकडे गेले होते. जाताना त्याला विचारलंही होतं, एकटा राहशील ना? आज सकाळी त्याच सीटवर त्याच्या शेजारी बसून मी चाळीस मैल आले होते, हवापाण्याच्या गप्पा मारत.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. व्हर्नने खिशातून ट्रकच्या आणि बंदुकांच्या कपाटाच्या चाव्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. एकतीस वर्षांत त्याने मला त्या चाव्यांना हात लावू दिला नव्हता.

"ऑर्विलला इथेच बोलाव," तो म्हणाला. "मला आज त्या ट्रकमध्ये बसवू नकोस."