कोटाची गोष्ट कुणाची

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसून आत्याला अठरा वर्षं झाली होती. भाची लहान असताना दुकानात येऊन सारखी "आत्या, आत्या" करायची. तेव्हापासून मालक, इस्त्रीवाला, जुनी गिऱ्हाइकं, सगळेच तिला आत्या म्हणू लागले. आलेला कपडा दिव्याखाली पसरायचा, खिसे उलटे करायचे, डाग, उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, जे दिसेल ते पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची, मग कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, असा तिचा शिरस्ता. घाईतल्या गिऱ्हाइकांना हा छळ वाटे. आत्या म्हणायची, "डाग आधी कागदावर, मग साबणात."

त्या वर्षी भाचीने लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा ध्यास घेतला. घरी टीव्ही आणि शेजारणीचा गाण्याचा रियाज, म्हणून दुपारी ती दुकानात, टांगलेल्या कोटांच्या मागे स्टूल टाकून अभ्यास करायची. आत्या चिठ्ठ्या टाचता टाचता तिला पुस्तकातले प्रश्न विचारायची.

"'काही वकील उंच आहेत. सर्व उंच माणसं प्रामाणिक आहेत. तर?'"

भाची हवेत बोटाने वर्तुळं काढू लागली.

"तर काही वकील प्रामाणिक आहेत," आत्याच म्हणाली. "प्रश्न काढणारा भलताच आशावादी दिसतोय."

आतून वाफेच्या ढगातून इस्त्रीवाल्याचं खो खो हसणं ऐकू आलं.

असं रोजच होऊ लागलं. एकदा भाचीने गंमत म्हणून आत्यालाही घड्याळ लावून सराव परीक्षेला बसवलं. आत्याला शंभरात एकाहत्तर, भाचीला चौसष्ट. रुसण्याऐवजी भाची दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊनच आली.

"वयाची अट नाही. संध्याकाळचा वर्ग असतो. भर."

"वेड लागलंय का तुला? सेहेचाळीस वर्षं झाली मला."

"पदवी आहे ना? मग झालं तर!"

पदवी होती. वडिलांच्या आजारपणात पुढचं शिकणं राहून गेलं होतं, आणि एकदा राहिलेलं राहतंच. आत्याने फॉर्म पर्समध्ये घातला. दोन दिवसांनी भरलाही.

घरी दादाने चष्मा कपाळावर चढवला. "या वयात वकिली?"

"हिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलंय का?" वहिनी म्हणाली. "निदान आता रीतसर हरू."

फॉर्मबरोबर एक निबंध द्यायचा होता: अन्याय समोर दिसला तेव्हा तुम्ही काय केलंत? आत्याने "न्याय हा समाजाचा कणा असून" अशी झोकात सुरुवात केली आणि दोन पानं खरडून भाचीला वाचायला दिली. भाचीने ती वाचून आपला लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "तू माझा बघ. चुका काढ," म्हणून ती झेरॉक्स काढायला गेली.

आत्या वाचू लागली आणि खुलली. कोटाची गोष्ट होती ती! दोन वर्षांपूर्वी एक बडं गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेत आलं होतं: इस्त्रीवाल्याने माझ्या कोटाच्या बाहीला भोक पाडलं म्हणून. मालकाची पाचावर धारण बसली. इस्त्रीवाल्याला तिथल्या तिथे काढायला तो निघाला होता. तेवढ्यात आत्याने पावतीची दुकानात ठेवलेली स्थळप्रत काढली: 'डावी बाही, कोपराजवळ मोहरीएवढं भोक.' खाली साहेबांची सही. साहेब कोट घेऊन निमूट गेले आणि इस्त्रीवाला राहिला.

वाचता वाचता आत्या थबकली. 'मी पावती काढली. माझा आवाज कापत होता, पण मी मागे हटले नाही.' ही 'मी' कोण? आत्याचा आवाज तर मुळीच कापला नव्हता.

भाची परत आली.

"छान लिहिलंयस," आत्या म्हणाली. "फक्त त्या दिवशी तू इथे नव्हतीस."

भाची हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच अडकलं. "सगळेच थोडं रंगवतात गं. तपासायला कोण येतंय?"

"मी आहे ना."

"तुला तर ती गोष्ट नकोच होती! तू समाजाचा कणा घेऊन बसलीस. वाचताना मला दोनदा जांभई आली."

हे झोंबलं. "म्हणून आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं?"

तेवढ्यात एक बाई पडद्यांचं गाठोडं घेऊन आल्या. आत्या मुकाट डाग लिहीत बसली. मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

दोन दिवस भाची फिरकली नाही. दुकान सुनं वाटत होतं. आत्याने आपला निबंध पुन्हा वाचला आणि तिसऱ्या ओळीला तिलाच जांभई आली. पोरीचं काही चुकलं नव्हतं. कॉलेजला लिहायचं म्हणजे मोठमोठं काहीतरी लिहायचं, बाहीचं भोक कसलं लिहायचं, असं ती धरून चालली होती. तिने ती पानं फाडली आणि गिऱ्हाइकांच्या अधूनमधून कोटाची गोष्ट लिहून काढली, जशी घडली तशी. भीती वाटली नव्हती; राग आला होता. तेच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी भाची आली. डोळे सुजलेले.

"माझ्या आयुष्यात काही घडलंच नाहीये, आत्या. मी आपली नाकासमोर चालणारी. कधी कुणासाठी भांडले नाही."

"कधीच नाही?"

"नाहीच. तेच तर." ती स्टुलावर बसली, कोटांच्या रांगेकडे तोंड करून. "नववीत माझ्या बाकावरच्या मुलीला कॉपी करताना पकडलं म्हणाले. चिठ्ठी तिची नव्हती. कुणी फेकली ते मी पाहिलं होतं. बाईंनी विचारलंसुद्धा, कुणी काही पाहिलं का? मी मूग गिळून बसले. तिने शाळाच सोडली नंतर. दप्तर आवरताना तिने माझं पेन परत दिलं मला."

आत्याने हातातली टाचणी खाली ठेवली.

"हे लिही."

"यात मी वाईट दिसते."

"दिसशील. पण तूच दिसशील, मी नाही."

भाचीने लिहिलं. चारदा खोडलं, पाचव्यांदा आत्याला न दाखवताच पाठवून दिलं. आत्यानेही मागितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी दोघी एकाच रिक्षातून गेल्या. दारावरचा सुपरवायझर भाचीला आत सोडून आत्याला अडवत म्हणाला, "पालकांनी बाहेरच्या बाकावर थांबायचं."

"मी पालक नाही, पीडित आहे," आत्याने हॉलतिकीट पुढे केलं. मागे उभी असलेली मुलं फिदीफिदी हसली, आत गेलेली भाचीसुद्धा.

निकाल लागला. आकडेमोडीत आत्याची दांडी गुल झाली होती, तर्काच्या प्रश्नांनी तिला तारलं. संध्याकाळच्या वर्गाच्या प्रतीक्षा यादीत ती तिसरी होती. दोन आठवड्यांनी चौघं गळाले आणि तिला बोलावणं आलं. भाचीला इथे जागा मिळाली नाही. चार तासांवरच्या दुसऱ्या शहरात मिळाली. तिथल्या मुलाखतीत म्हणे निबंधावरच बोलणं झालं. "त्या मुलीला नंतर शोधलंत का?" असं त्यांनी विचारलं. "नाही," भाची म्हणाली होती, "पण शोधणार आहे." जाण्याआधी तिने शोधलंही. पत्र लिहिलं. उत्तर अजून आलेलं नव्हतं.

मालकाने कुरकुर करत आत्याला पाचला सुटी द्यायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी करारावरचा तास झाला. आत्या घरी येऊन उभ्याउभ्याच जेवली आणि दादाला सगळं सांगू लागली: करार म्हणजे काय, देकार म्हणजे एकाने दुसऱ्यापुढे ठेवलेला प्रस्ताव, स्वीकार म्हणजे काय. दादा स्वीकारापर्यंत पोचलाच नाही. खुर्चीतच घोरू लागला. मग ती वहिनीकडे वळली.

वहिनीने भांडी पुसत पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण समजा, एकाने नुसती मान डोलावली, तर तो हो म्हणाला की 'बघू' म्हणाला?"

आत्याने पर्समधून वही काढून तो प्रश्न लिहून घेतला, उद्या सरांना विचारायला.