बरणी क्रमांक सातमधली सुरमई

मी एक जुनी सुरमई आहे. उदगीरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात आम्ही एकोणीस बरण्या होतो: अकरा माशांच्या, पाच सापांच्या, तीन रिकाम्या.

मित्रांनो, समुद्र आता फारसा आठवत नाही. हर्णैजवळ एका होडीमागे चकचकीत पत्रा धावत होता. मला ती तारली, लहान चंदेरी मासळी वाटली. झडप घातली आणि गळ जबड्यात रुतला. मग फॉर्मालिन, मग ही बरणी. अंगावरचे उभे पट्टे हळूहळू पुसले गेले. सुरुवातीला मुलं मला पाहायला गर्दी करत. पुढे ती फक्त बरणीवरची नावाची चिठ्ठी वाचू लागली.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात टँकर आठ दिवसांनी येई. बरणीतला द्रव आटून माझी पाठ उघडी पडली. शिपाई विरूपाक्षमामांनी एक घागर राखून बरण्या भरल्या. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, म्हणून ते माशाकडे बघत नसत. तोंड फिरवून, चिमट्यानं, त्यांनी चुकून मला माझ्यासारख्याच दिसणाऱ्या 'तोवर' नावाच्या माशाच्या बरणीत घातलं आणि त्या तोवरला माझ्या.

प्रात्यक्षिक परीक्षेत चिठ्ठ्या झाकल्या होत्या. पाठ केलेल्या जागेवरून सगळ्यांनी मला 'तोवर' लिहिलं. रेणापूरच्या जगदेवीनं 'सुरमई' लिहिलं. पास व्हायला अठरा गुण लागत. बेडूक चिरायला तिचा हात धजला नव्हता. बाकीचे जमून सोळा झाले होते. नापास झालीस तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

"सगळे तोवर लिहून राहिले, तूच एकटी लई शहाणी का?" नांदेडहून आलेले परीक्षक किशनराव म्हणाले.

"सर, बाहेर काढून दाखवते."

"आक्का, हात नका लावू!" विरूपाक्षमामा ओरडले. "आपल्यात मासा शिवला की आंघोळ लागते, पाणी कुठून आणताल?"

"न्हाई मिळालं तर घरात न शिरता बसते अंगणात, मामा."

तिनं मला उघड्या हातानं उचललं. "ही कुशीवरची रेषा बघा, सर. पाठीवरच्या दुसऱ्या पराखाली एकदम खाली वळते. तोवरची अशी वळत नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला असं कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही काही जपून ठेवलंत, तर नुसती चिठ्ठी वाचून पुढे जाऊ नका. जरा थांबा, बघा. आम्ही थकतो.

किशनरावांनी चष्मा पुसला, दुसरी बरणी उघडून तोवरची रेषा पाहिली, आणि जगदेवीच्या नावापुढचा आकडा खोडून नवा लिहिला.

पन्नासपैकी अठरा.