बंगालच्या उपसागरातली टिकली

आमच्या पांढुर्ण्यात समुद्राची म्हणून एकच वस्तू मिळते, ती म्हणजे मीठ. तरी मंगलाकाकूची केतकी मर्चंट नेव्हीत गेली आणि जहाजावर थर्ड ऑफिसर झाली. भैय्याजींनी, म्हणजे माझ्या बाबांनी, तेव्हाच सांगितलं होतं, "अवं मंगला, पोरीले बी.एड. करू दे. जहाज बुडते, शाळा बुडत नाही." मी स्वतः सौंसरच्या शाळेत शिकवते, त्यामुळे या दुसऱ्या वाक्याबद्दल मला शंका आहे, पण बाबांना कोण सांगणार? त्यांना गाव भैय्याजी म्हणतं, घरातही सगळे भैय्याजीच म्हणतात.

काका जाऊन चार वर्षं झाली. काकू एकटी, शेजारच्याच घरात. तिनं आयुष्यभर सातवी-आठवीला भूगोल शिकवला, समुद्र मात्र कधी पाहिला नाही. केतकी जहाजावर चढली तशी काकूनं शाळेतून एक जुना नकाशा मागून आणला आणि फ्रीजच्या वरच्या भिंतीवर टांगला. रोज सकाळी चहा घेता घेता ती मोबाइलवर हवामान खात्याचं समुद्राचं बुलेटिन वाचायची. जहाज असेल तिथं हिरवी टिकली, वादळ असेल तिथं लाल. तिच्या कपाळावर टिकली नसायची, पण हिंदी महासागर कायम नटलेला असायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी बंगालच्या उपसागरात लाल टिकली लागली. केतकीचं जहाज इंडोनेशियातून कोळसा घेऊन पारादीपला निघालं होतं, ते अजून बरंच दूर होतं. वादळ आंध्रकडे सरकत होतं. काकू आमच्या अंगणात आली.

"भैय्याजी, हे आंध्रात शिरलं तर चार दिवसांनी आपल्याकडे पाऊस येते. कापूस फुटला आहे तुमचा. ते वळूही शकते, असंही लिहिलं आहे."

"आता समुद्र तिगावच्या स्टेशनात येऊन राहिला का?" भैय्याजी म्हणाले आणि चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगून भरपूर हसवून आले.

पण दुसऱ्या दिवशी आकाशात दोन ढग दिसले. भैय्याजी कोणाला काही न बोलता शेतात गेले. मिळतील तेवढ्या बाया लावून त्यांनी दोन दिवसांत सगळा कापूस वेचून आणला आणि आमच्या बैठकीच्या खोलीत भरला. खिडकीपर्यंत कापूस! टीव्ही आत गेला, सोफा आत गेला. आम्ही स्वयंपाकघरात बसू लागलो. पाहुणे आले तर त्यांनाही तिथंच, कुकरशेजारी.

चौथ्या दिवशी कडक ऊन पडलं. पाचव्या दिवशीही. टपरीवरची मंडळी छत्र्या घेऊन आमच्या दारावरून फिरू लागली. मोतीराम नावाचा एक तर रेनकोट घालून आला आणि "पाऊस कोणत्या खोलीत आहे?" असं विचारून गेला. भैय्याजी तडक काकूकडे गेले. हे भांडण ऐकण्यासारखं असणार म्हणून मीही मागोमाग गेले.

"तुया समुद्राच्या नादी लागलो आन् गावभर हसं झालं माहं! कुठे गेलं तुयं वादळ?"

काकू नकाशासमोर उभी होती. तिनं मागे वळून पाहिलंही नाही.

"ते वळलं, भैय्याजी. इकडे वळलं." तिनं बोट ठेवलं. लाल टिकली उपसागराच्या मधोमध होती. हिरवी तिच्यापासून दोन बोटांवर. "परवापासून केतकीचा फोन नाही."

भैय्याजींनी खुर्ची ओढली आणि बसले.

"दोन बोटं म्हणजे किती?"

"चारेकशे किलोमीटर."

"मंग लय आहे नं बाप्पा."

"वादळासाठी नाही."

काकूनं केतकीच्या मुंबईच्या कंपनीत फोन लावला. जहाज सुरक्षित आहे, असं एका मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं. भैय्याजींचा विश्वास बसला नाही. "इतकं गोड कोणी खरं बोलते का?"

त्या दिवसापासून भैय्याजी सकाळी सात वाजताच काकूकडे जाऊन बसू लागले. नॉट म्हणजे काय, हे त्यांनी तीनदा विचारून घेतलं. 'समुद्र खवळलेला' आणि 'अति खवळलेला' यातला फरक ते मला जेवताना समजावू लागले. टपरीवर जाऊन म्हणाले, "सत्तर नॉट वारा आहे. म्हणजे एकशेतीसचा स्पीड. लाटा नऊ मीटर. तुमची घरं बुडतीन, घरं!" कोणी हसलं नाही. मोतीरामनं त्यांच्या चहाचे पैसे घेऊ नका म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भैय्याजी जामसांवलीच्या देवळात जाऊन आले. देवाधर्माचं त्यांना विशेष नाही, म्हणून मी विचारलं.

"अवं गायत्री, देवांमधे समुद्राचा अनुभव असलेला थोच एक आहे. बाकीच्यायले काय सांगाव?"

"पण तिथला मारुती तर आडवा, झोपलेला आहे."

"मोठ्यानं सांगतलं मी."

काकू मात्र कुठे गेली नाही. ती जेवत होती, भांडी घासत होती, बुलेटिन वाचत होती. फक्त हिरवी टिकली तिनं हलवली नाही. कुठे हलवायची, हेच तिला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. काकूनं स्पीकर लावला.

"आई, मी! अगं, नेटची डिश बिघडली होती. ठीक आहोत सगळे."

"वादळ?"

"कसलं वादळ? कॅप्टननं आधीच जहाज दक्षिणेला वळवलं आणि तिथंच फिरवत ठेवलं. आम्ही उन्हात डेक रंगवून राहिलो होतो. नाकाची सालटी निघाली माझ्या."

भैय्याजींनी फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "पोरी, लाटा किती मीटर होत्या?"

"भैय्याजी, दीड असतील."

"दीड?" त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "पाहाय बरं नीट. दीडच?"

काकू तेवढ्यात पदरात तोंड घालून रडून घेत होती. मग डोळे पुसून तिनं फोन परत घेतला आणि नाकाला काही लावत का नाही म्हणून केतकीला पाच मिनिटं झापलं. शेवटी विचारलं, "कॅप्टन कुठला आहे तुमचा? आई आहे का त्याची?"

"आहे की. केरळात, कोल्लमला."

भैय्याजी टपरीवर गेले आणि लाटा नऊ मीटरच होत्या, पण पोरगी डगमगली नाही, असं सांगून आले. घरी येऊन त्यांनी सोफा शोधायला घेतला.

काकूनं केतकीकडून पत्ता मागवला आणि कॅप्टनच्या आईला दोन किलो संत्रा बर्फी पाठवली. पंधरा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून निरोप आला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, सगळं मल्याळममधे, मधे मधे हसणं. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. काकूनं तो दोनदा ऐकला.

"काय म्हणते गं काकू?" मी विचारलं.

"बर्फी पोचली म्हणते," काकू म्हणाली. "आन् थेही रोज बुलेटिन वाचत असन."