पहिलं नाव रत्नदीपचं

"ताई, सही कुठं करू?" मारुतीशेठनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला तशी सरोजने घाईने सर्वेक्षणाच्या फॉर्मवरची सहीची जागा दाखवली. पण शेठ आधी वाचणार होते.

कोपर स्टेशनजवळचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान. मागे रत्नदीप कॉम्प्रेसर खोलून बसलेला. एकोणीस वर्षांचा, इथं अकरा महिने. त्याआधी मोबाइलचोरी, निरीक्षणगृह. सरोज तिथली समुपदेशक. वर्षभर दर आठवड्याला घरी जाऊन, त्याच्या बापाच्या शिव्या खाऊन तिने त्याला उभा केला होता. अशी घरापर्यंत जाऊन सांभाळलेली पोरं सहसा परत आत येत नाहीत, हे ती रोज बघत होती. पण वरच्यांना पुरावा हवा होता, नाहीतर उपक्रम बंद. ठाण्याच्या ऑफिसने सर्वेक्षणासाठी नावं मागितली, तेव्हा तिने कौतुकाने पहिलं नाव रत्नदीपचं लिहिलं.

शेठना मात्र त्याला कामाला लावताना तिने 'ओळखीतला मुलगा' एवढंच सांगितलेलं.

"'सदर विधिसंघर्षग्रस्त बालकाने...'" शेठ अडखळले. "'...नोकरीच्या काळात पुन्हा चोरी केली का?' पुन्हा? म्हणजे आधी केलेली?"

"सर, हो किंवा नाही, एवढंच," सर्वेक्षणाला आलेली क्षिप्रा म्हणाली.

"अगं बाई, लोकांच्या घराच्या चाव्या असतात आमच्याकडं!"

"शेठ, अकरा महिन्यांत एक स्क्रू तरी गेला का?" सरोज म्हणाली.

"नाही ना! पोरगा कामात एक नंबर. पण उद्या कुणाची अंगठी हरवली तर सोसायटीवाले माझीच कॉलर धरणार. हात जोडतो, घेऊन जा त्याला."

क्षिप्राने 'नाही'वर खूण केली. "मॅडम, 'आजच्या तारखेला नोकरीत' इथं हो लिहू ना? आलो तेव्हा होता."

तो कागद टराटरा फाडून ठाण्याला नेऊन साहेबांच्या तोंडावर फेकावा, असं सरोजला वाटलं. पण असल्याच कागदांवर अजून बेचाळीस पोरं टांगलेली होती.

"लिही," ती म्हणाली.

रत्नदीप हात पुसत पुढे आला. सगळं ऐकलं होतं.

"ताई, मी सांगणार होतो शेठना. तुम्हीच बोललेल्या, गप बस."



त्याने खुंटीवरची बॅग काढली, चेन उघडली, टेबलावर ठेवली.

"शेठ, बघून घ्या."

"अरे, राहू दे रे."

त्याने टॉवेल काढला, बाटली काढली. डबा काढला, त्याचं झाकणही उघडलं. दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा. अजून जेवायची सुट्टी झाली नव्हती.

शेठनी वाकून बघितलं.