कोपऱ्यापाशी थांबलेली ओळ

होय मित्रांनो, मीच ती. पॅकिंगच्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, चिकटपट्टीच्या रिळांखाली पडलेली जुनी कात्री. खण उघडताना मी खडखडते, तेवढीच माझी आठवण होते. माझ्या पात्यांवर पुठ्ठ्याचा भुसा आणि गोंदाचे डाग आहेत. मला बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी मी कापडाशिवाय दुसऱ्या कशालाही तोंड लावत नव्हते.

मला एका लोहाराने घडवले. जाड लोखंड, लांब पाती, अंगठ्यासाठी मोठे कडे. तिथून मी एका शिंप्याच्या हातात गेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचा एक कडक नियम होता: कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. कागद कात्रीची धार खातो. घरात कुणी पाकीट फोडायला मला उचलले, की मास्तर आतल्या खोलीतून ओरडायचे, "ठेव आधी ती खाली! दात घासायला माझा ब्रश घेशील का?" त्यांचे ते ओरडणे मला फार आवडायचे. आपल्यासाठी कुणीतरी भांडते आहे, हे कुणाला आवडत नाही?

मास्तरांचे लोक सपाट मुलखातले. कापड सरळ रेषेत कापायचे, तसूभरही वाया घालवायचे नाही, ही त्यांची रीत. त्यांची बायको मात्र लांबच्या डोंगरांपलीकडून आलेली, वेगळ्या भाषेची, वेगळ्या लोकांतली. लग्नानंतर चाळीस वर्षे झाली तरी मास्तर तिला लाडाने 'पाहुणे' अशीच हाक मारायचे. "अहो पाहुणे, जेवायला वाढताय ना?" ती म्हणायची, "पाहुण्यांनी वाढायचं असतं का? उठा आणि घ्या." मग दोघेही हसायचे.

पाहुणीने माहेराहून एकच वस्तू आणली होती. निळ्या लोकरीचा एक जाड झगा. त्याच्या काठावर लाल दोऱ्याने पाखरांच्या तीन ओळी भरलेल्या होत्या. पहिली तिच्या आजीची, दुसरी आईची, तिसरी तिची स्वतःची. झगा आईकडून लेकीकडे यायचा आणि प्रत्येकीने त्यावर आपली एक ओळ भरायची. चौथ्या ओळीची जागा मोकळी होती.

पाहुणीचे आणि माझे कधीच जमले नाही. ती भरतकाम करायची आणि दोरा संपला की सरळ दातांनी तोडायची. मास्तर कपाळाला हात लावायचे. "अगं, एवढी कात्री आहे ना घरात!" ती म्हणायची, "तुमची कात्री तुम्हाला लखलाभ. माझे दात आहेत तोवर चालतंय." मी मनातून चिडायचे. आता वाटते, कशाला चिडत होते मी?

झगा विरायला लागला तेव्हा मास्तरांनी त्याला अस्तर लावले. त्यासाठी त्यांनी स्वतःचा राखाडी कोट उसवला, आणि तो कापला मीच. बाहेरून तिचे माहेर, आतून मास्तरांचा कोट. पाहुणी तो झगा नेहमी उलटा करून घडी घालायची, म्हणजे लाल दोरा उन्हाने उडणार नाही. घडी घातलेली असताना तो कुणालाही जुन्या राखाडी कोटासारखाच दिसे. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा.

त्यांना एक मुलगी होती. लहानपणी ती दिवसभर टेबलाखाली बसून पडलेले तुकडे वेचायची, म्हणून तिचे नाव पडले चिंधी. चिंधी मोठी झाली, कपड्यांचे डिझाइन शिकली आणि तेच नाव तिने आपल्या कारखान्याच्या दारावर लावले. लोकांनी टाकून दिलेल्या कपड्यांच्या गासड्या तिच्याकडे यायच्या. फाटके कोट, घट्ट झालेली जाकिटे, कुणाच्या तरी मेलेल्या आजोबांच्या विजारी. त्यांतून ती नवे कोट घडवायची. वडिलांचा सरळ काप आणि आईकडच्या लाल ओळी एकाच अंगावर. नवे कापड विकत आणायचे नाही, हा तिचा पण होता. खरं सांगते, कोट सुंदर व्हायचे. लोक तोंडात बोटे घालायचे. मासिकांत तिचे फोटो आले. एका फोटोत तिच्या हातात मीही होते.

पण एक गोष्ट फोटोत दिसत नव्हती. त्या लाल ओळी चिंधी स्वतः भरत नव्हती. आईच्या झग्याचा फोटो काढून तिने तो भरतकामाच्या मशीनवर चढवला होता. टाका हातात बसायला महिने लागतात, आणि चिंधीला तेवढा वेळ कधी मिळालाच नाही. पाहुणी विचारायची, "शिकतेस ना ग?" ती म्हणायची, "हो आई, या सीझननंतर नक्की." असे बारा सीझन गेले.

मास्तर असताना घरात दुसराही एक नियम होता: आधी उसवायचे, मग कापायचे. जुना कपडा हाती आला की शिवण उसवून अस्तर वेगळे करायचे, दोन्ही बाजू नीट बघायच्या. मास्तर गेले. त्यांच्या मागे चिंधीला एक घाईची युक्ती सुचली. अस्तरासकट कापायचे. तुकडे जाड होतात, ऊबदार होतात आणि उसवण्याचे दोन दिवस वाचतात. मला तेव्हाच बरे वाटले नव्हते, पण कात्रीचे मत विचारतो कोण?

त्या वर्षी परदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनाचे काम आले. साठ कोट, आणि दिवस फार थोडे. कारखान्याच्या मागच्याच खोलीत पाहुणी राहायची. तिच्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळायचे. छातीचे दुखणेही हाताबाहेर गेले होते, आणि डॉक्टरांनी काही लपवले नव्हते. एका दुपारी ती भिंत चाचपडत कारखान्यात आली. काखेत झगा होता.

चिंधी फोनवर बोलत होती. पलीकडे कुणीतरी पत्रकार बाई होती. चिंधी सांगत होती, "हो, हो, आईकडूनच शिकले. तिच्या हातचा टाका हाच माझा वारसा आहे."

पाहुणी थांबली. फोनचे बोलणे जरा थबकल्यावर म्हणाली, "बाळ, याचं अस्तर सुटलंय. तेवढं शिवून दे. मी जाईन तेव्हा हाच पांघरून पाठव मला. माझ्या आईला तसं पाठवता आलं नव्हतं, झगा इकडे माझ्याकडे होता."

चिंधीने फोनवर हात ठेवला. "हो आई. ठेव ना तिथे." आणि परत फोनवर वळली. तिने ऐकलेच नव्हते. दुरुस्तीचे कपडे खुंटीवर टांगायचे आणि कापायचे कपडे टेबलावर रचायचे, अशी तिथली पद्धत. पाहुणीला खुंटी दिसली नाही. हाताला टेबल लागले. तिने झगा तिथल्या राखाडी कोटांच्या चवडीवर ठेवला, वर एकदा हात फिरवला आणि भिंत धरत परत गेली.

तासाभराने चिंधी टेबलापाशी आली. शिंपी नेहमी कापडाच्या उलट्या बाजूवर खडूने आखतो, म्हणजे सुलट बाजूवर डाग पडत नाही. ती मास्तरांचीच शिकवण. झगा तर आधीच उलटा होता. तिने घडी मोडलीही नाही. राखाडी अस्तरावर पांढऱ्या खडूच्या रेघा ओढल्या आणि मला उचलले.

पहिल्या घासातच मला कळले. अहो, तो कोट मीच कापला होता! त्या कापडाची वीण माझ्या पात्याला पाठ होती. मी काय करू शकत होते? मी अडखळले. लाल दोऱ्यांच्या गाठींपाशी जाऊन रुतले. चिंधी पुटपुटली, "काय बाई जाड शिवण आहे," आणि दोन्ही हातांनी जोर लावला. मी कधीच बोथट होऊ नये, असे तोवर देवाकडे मागत आले होते. त्या क्षणी मी उलटे मागितले. पण मास्तरांनी माझी धार फार चांगली राखली होती.

कापलेला तुकडा उलटून पडला आणि निळ्यावरची लाल ओळ वर आली.

चिंधीने सगळे तुकडे गोळा केले. तुकडे पोटाशी धरून तिने असा आवाज काढला, की मशीनवरच्या बायका उठून धावत आल्या. मग तिने मला भिंतीवर फेकून मारले. माझ्या पात्याचे टोक तेव्हा मोडले. मला राग नाही आला. मीही तेच केले असते. कुणीतरी मला उचलून पॅकिंगच्या खणात टाकले. साठ कोटांची खोकी बांधायची होती, आणि पुढचा आठवडाभर मी पुठ्ठा कापला. मास्तर असते तर त्यांनी घर डोक्यावर घेतले असते.

चिंधीने तीन दिवस झगा जोडला. रफू करावा तर लोकर इतकी विरलेली की टाका धरेना. म्हणून शिवण घालावी लागली, आणि शिवण दोन्हीकडून कापड खाते. तिने राखाडी अस्तर नीट बसवले, इस्त्री फिरवली आणि आईच्या मांडीवर झगा ठेवला. आईला दिसत नाही, हाच तिचा आधार होता. केवढी लाजिरवाणी आशा! पॅकिंगच्या टेबलाला लागूनच पाहुणीच्या खोलीचे दार, आणि दार उघडे होते. मी सगळे ऐकले.

पाहुणीने काठावरून बोटे फिरवली. बराच वेळ फिरवली.

"माझ्या आईची अकरा पाखरं होती," ती म्हणाली. "नऊच आहेत."

चिंधीने झगा ओढून घ्यायला हात पुढे केला.

"चिंधे, काय झालं?"

"आई, मी कापला. माझ्या हातून कापला गेला. मी उलटून बघितलंच नाही ग." आणि ती लहान पोरीसारखी हमसाहमशी रडायला लागली.

पाहुणी रागावली असती तर बरे झाले असते. तिने तो जोड अंगठ्याने चाचपला. मग म्हणाली, "कशाने कापलास? यांच्या कात्रीने?"

"हो."

"वाटलंच. तिचा माझ्यावर पहिल्यापासून डूख होता." आणि ती हसली. मित्रांनो, ती चेष्टा होती, मुलीचे रडे थांबावे म्हणून केलेली. पण मला ती आजही बोचते.

"बरं, आता तुझी ओळ भर," पाहुणी म्हणाली. "जोडावरून भर. सगळं झाकलं जाईल."

"मला टाका येत नाही, आई."

"परवा फोनवर तर येतो म्हणालीस."

चिंधीने सुईत लाल दोरा ओवला.

मग रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. पाहुणीला दिसत नव्हते आणि तिची बोटे थरथरत होती, म्हणून ती चिंधीचे मनगट धरायची आणि मनगटाने टाका सांगायची. "वर. आता मागे. ओढू नकोस, गळा आवळतेस त्याचा. हं, असा." चिंधीने सगळे फोन बंद ठेवले. प्रदर्शनाला कोट एकटेच गेले, ती गेली नाही. सहा दुपारी झाल्या. ओळ वीतभर झाली, वाकडीतिकडी, पण हाताची. सहाव्या दिवशी पाहुणीला धाप लागली. ती म्हणाली, "सरळ ओळ आली तुला. आता कोपऱ्यावर ती कशी वळवायची, ते उद्या दाखवते. वळण अवघड असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधी चहा घेऊन गेली, तेव्हा पाहुणी गेलेली होती.

माणसे जमली. तिला झगा पांघरायचा म्हणून काढला, तर चौथ्या ओळीचा दोरा तसाच लोंबत होता, टोकाला सुई. चिंधी म्हणाली, "थांबा जरा." तिने शेवटच्या टाक्याला गाठ मारली. दोरा तोडायला हाताशी काही नव्हते. ती बाहेर आली, खण उघडला आणि मला घेऊन गेली.

मी माझा सगळा जीव पात्यांत आणला. एवढे एकच काम चोख करू दे, म्हटले. पण आठवडाभर पुठ्ठा खाल्लेली कात्री ती. दोरा माझ्या पात्यांमध्ये नुसता दुमडला, चावला गेला, तुटला नाही. चिंधीने पुन्हा दाबले. पुन्हा तेच. मग तिने मला हळूच खाली ठेवले, वाकली आणि तो दोरा दातांनी तोडला. अगदी आईसारखा.

झगा पाहुणीबरोबर गेला.

आज चिंधीचा कारखाना चालू आहे. भरतकामाचे मशीन तिने देऊन टाकले. फोटोवरून मशीन ओळ काढते, पण मनगट कुठे वळले ते फोटोत दिसत नाही, असे ती म्हणते. ती आता वर्षाला मोजके कोट करते आणि प्रत्येकावर एक लाल ओळ स्वतः भरते. टेबलावर आलेला प्रत्येक कपडा ती आधी उलटून बघते, खिसे चाचपते, अस्तरात हात घालते, तो कुणाचा असेल याचा विचार करते. नव्या कात्रीला कागद लावू देत नाही. ओरडते अगदी मास्तरांसारखी. मला मात्र तिने कधी धार लावली नाही. टाकूनही दिले नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. म्हणजे मला हात नाहीत, दोन पाती आहेत, ती जोडून सांगते. कापण्याआधी कपडा एकदा उलटून बघा. म्हातारे माणूस काही सांगायला आले तर फोन खाली ठेवा. आणि जे उद्या शिकायचे आहे, ते जमले तर आजच शिका.

गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आले होते. कोट अंगावर घालून आरशात बघत त्याने विचारले, "ही लाल ओळ कोपऱ्यापाशी अशी मध्येच का थांबते? नवी फॅशन आहे का?"

चिंधी कॉलर सारखी करत म्हणाली, "नाही. मला पुढचं येत नाही."