पालथा पडेपर्यंतचं पुस्तक

माझा प्रभाकर आता पेन्शनीत निघाला. परवा त्याच्या सुनेनं मला विचारलं, "आजी, मामंजी लहानपणी कसे होते हो?" मी म्हटलं, "झोपाळू." ती हसली आणि कामाला लागली.

माझं माहेर ठाण्याचं. वडील मास्तर होते, म्हणून मी चार बुकं शिकले. लग्न होऊन कल्याणला पारनाक्याजवळच्या घरात आले, आणि तिथे दोन वर्षं छापील अक्षर माझ्या डोळ्यांसमोर आलं नाही. गरोदर असताना एकदा घंगाळ घासत होते. त्यावर कोरलेलं सासऱ्यांचं नाव सहज वाचायला गेले आणि जोडाक्षराशी अडखळले. जे शिकले ते असं हातून निसटत चाललंय हे तोवर कळलंच नव्हतं, आणि एकदा मूल झालं की उरलंसुरलंही जाईल अशी भीती बसली.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. शेकशेगडीच्या धुरात, हातात पाळण्याची दोरी धरून मी वर्षभराच्या वाचनाचा बेत केला. यांची कचेरी ठाण्यातच. रोज कल्याणहून आगगाडीनं येत, आणि तिथल्या वाचनालयाचे ते सभासद होते. बारशाला आले तेव्हा मी दाराआडून विचारलं, "इकडून पुस्तकं आणणं होईल का? वर्षभर, एकेक करून?"

"वर्षभर? आणि तोवर चिरंजीव काय करणार?"

"पुस्तक कधी बदलायचं ते तोच सांगेल."

महिन्यांवर बेत करण्यात अर्थ नव्हता. घरातले महिने सणावारांचे आणि पाहुण्यांचे असतात, त्यात माझं काहीही मागे पडलं असतं. मूल वाढायचं मात्र मागे पडत नाही, असा माझा समज. म्हणून तो पालथा पडेपर्यंत एक समुद्रप्रवासाचं पुस्तक, बसू लागेपर्यंत इतिहास, रांगू लागेपर्यंत ग्रहताऱ्यांवरचं काही, आणि पाऊल टाकलं की गोष्टींचं. ते सगळं ऐकून हे म्हणाले, "म्हणजे तुझा मास्तर पाळण्यात आहे."

चौथ्या महिन्यात बाळाला घेऊन कल्याणला आले. ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ते प्रवासाचं पुस्तक होतं.

सासूबाईंपासून काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "काम उरकून काय करायचं ते कर. पण पोराला रडवून नाही." त्या दुपारी आडव्या व्हायच्या, तेवढाच माझा वेळ. आणि नेमका तेव्हाच प्रभाकर रडायचा.

तिथे गोदाआत्या मदतीला आल्या. त्या सासऱ्यांच्या बहीण. नवव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून आलवण नेसून याच घरात राबत होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दे इकडे त्याला. तुझ्या नवऱ्याला, श्रीपादला, मीच झोपवत असे." त्या त्याला घेऊन मागच्या खोलीत गेल्या आणि थोड्या वेळानं एकट्याच परत आल्या. सुपात तांदूळ घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"काय आहे गं त्यात?"

"एक माणूस जहाजानं विलायतेला जातो, त्याची हकिकत."

"बाटला की मग तो."

"हो. परत आल्यावर प्रायश्चित्त घेणार आहे म्हणे."

"ते नंतर. आधी कसा गेला ते सांग."

मग रोजच ते सुरू झालं. निवडलेले तांदूळ आत्या पुन्हा निवडत. जहाज एडनच्या बंदरात उभं राहिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथल्या बायका पाणी कुठून आणतात, ते लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. "पुरुषानं लिहिलंय ना," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. त्यांना इतकं हसताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

प्रभाकर झोपलेला असायचा. संध्याकाळीही जड डोळ्यांनी पाहायचा, पाजायला घेतलं की मध्येच ओढायचा थांबायचा. गुणी पोर, असं सगळे म्हणत. पाचवा महिना सरला, सहावा सरत आला. शेजारच्या सगुणाबाईंचा मुलगा त्याच्याहून धाकटा, तो पालथा पडून पुढे सरकू लागला. आमचा ठेवला तसा पडून राही. मी त्याला कुशीवर करायची, एक पाय दुसऱ्यावर टाकायची. हात सोडला की तो पुन्हा पाठीवर.

पुस्तक तेच राहिलं. हे मुदत वाढवून आणत. दुसरं आणू का, असं एकदा विचारलं त्यांनी. मी नको म्हटलं. तो पालथा पडायच्या आत ते बदलणं मला अशुभ वाटू लागलं होतं.

सासूबाई सगुणाबाईंना म्हणाल्या, "वाचणारीचं दूध जड होतं. डोक्यात सगळी उष्णता चढते, पोराला काय मिळणार?" मी आतून ऐकलं. त्यांचं बोलणं मला पटत नव्हतं, आणि तरी रात्री पाजताना तेच मनात येई.

एका दुपारी पाण्याचा तांब्या आणायला म्हणून मागच्या खोलीत गेले. आत्या प्रभाकरला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बोटाच्या टोकावर काहीतरी काळपट घासलं आणि बोट त्याच्या तोंडात घातलं. तो वास मी ओळखला. माझे आजोबा खोकल्यासाठी अफू घेत.

"आत्याबाई, अफू देता त्याला?"

"मोहरीएवढी गं. माझ्या गुडघ्यांसाठी असते ना, त्यातलीच."

"रोज?"

"तुझं वाचन असतं तेव्हा."

ते रोजच असे.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "अगं, सगळ्या देतात. मी श्रीपादला दिलीय. कचेरीत जातोच की."

"पण हा पालथा पडत नाही, आत्याबाई."

आत्या बोट पदराला पुसत राहिल्या, कितीतरी वेळ. मी मूल उचललं आणि बाहेर आले.

पुढचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. अफू बंद होताच प्रभाकर रात्रंदिवस रडू लागला. जुलाब झाले, पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा. वैद्यांनी मात्रा दिली. सासूबाई म्हणाल्या, "आतातरी ते पुस्तक घराबाहेर काढ."

आत्यांचं नाव घेतलं असतं तर त्यांची रवानगी त्यांच्या दिरांकडे झाली असती. तिथे त्यांना गोठ्यात झोपवत, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मी यांना म्हटलं, "पुस्तक परत करा."

"वाचून झालं?"

"नाही."

"मग?"

"करा परत."

रडणं हळूहळू ओसरलं. बाळ नजर लावून पाहू लागलं, मूठ तोंडात घालू लागलं. आणि एका सकाळी सतरंजीवर ठेवलेला प्रभाकर आपण होऊन पालथा पडला, मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. मी तिथेच बसले आणि रडले.

मूल पालथं पडलं की करंज्या करायच्या, असा आमच्या घरचा रिवाज. सगुणाबाई मदतीला आल्या. गोदाआत्या सारण भरत होत्या, मी लाटत होते. सासूबाई तळता तळता म्हणाल्या, "पुस्तक गेलं आणि पोर पालथं पडलं. डोळ्यांनी पाहिलं मी."

सगुणाबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणतेच. आमच्या कलावतीला उद्यापासून शाळेत नाही पाठवायची. पुढे तिचेही हेच हाल व्हायचे."

माझं लाटणं थांबलं. कलावती आठ वर्षांची होती. येता-जाता आमच्या ओटीवर उभी राहून कविता म्हणून दाखवायची. मी तोंड उघडणार, तोच आत्या बोलल्या.

"वहिनी, पुस्तकाचा दोष नव्हता. मी त्याला रोज अफू देत होते. ती बंद झाली म्हणून तो पालथा पडला."

कढईतलं तेल तेवढं वाजत होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार.

सासूबाईंनी झाऱ्यानं एक करंजी उलटली. "वन्सं, तिच्यावर तुमचा जीव आहे, ते कळतं मला. पण उगाच अंगावर घेऊ नका. अफू कोण देत नाही? मी दिली, माझ्या सासूनं दिली. त्यानं कुणाचं मूल लोळागोळा झालं?"

"तर काय," सगुणाबाई म्हणाल्या. "आमच्याही घरात देतात की."

"अहो, मी स्वतः सांगतेय," आत्या म्हणाल्या.

"भरा सारण. पाऱ्या सुकताहेत."

"सासूबाई, मी पाहिलंय," मी म्हटलं.

"तू तर पाहणारच," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

कलावतीची शाळा सुटली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

करंज्या झाल्या त्याच संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं आणि पुस्तक परत आणायला सांगितलं. ते म्हणाले, "आईला पटायचं नाही." पण पुस्तक आणलं. ते दुसऱ्या कुणी नेलं होतं, त्यामुळे हाती येईतो प्रभाकर बसून रांगूही लागला होता. इतिहास, ग्रहतारे राहूनच गेले. वर्षात एकच पुस्तक.

सासूबाई जाग्या असतानाच मी ते ओटीवर उघडलं. प्रभाकर पानं ओढत होता. त्या आतून "कर बाई, तुझंच मूल आहे" म्हणाल्या.

मी आत्यांना हाक मारली. त्या आल्या, पण उंबऱ्याच्या पलीकडे, माजघरातच बसल्या. मी वाचू लागले. जहाज सुएझचा कालवा ओलांडत होतं. प्रभाकर माझ्या मांडीवरून उतरला, रांगत उंबऱ्यापाशी गेला, त्यावर पोट टेकून पलीकडे उतरला, आणि आत्यांच्या गुडघ्याला धरून उभं राहू पाहू लागला. त्यानं वर बघून दोन्ही हात पुढे केले.

आत्यांनी आपले हात पदराखाली ओढून घेतले.

"घेऊन जा गं याला," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय. तू याला घेऊन जा."

मी पुस्तक तसंच उघडं ठेवून उठले.