बावीस गाड्या दगड

टेप घेऊन ठेकेदाराने फाटकापासून गॅरेजपर्यंत तीन फेऱ्या मारल्या, वहीत काहीतरी खरडलं, आणि पायरीवर बसलेले आजोबा घाबरले. तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं काही घडलं नव्हतं. घरासमोरच्या कच्च्या वाटेत गाडीची चाकं रुतून रुतून जावई वैतागला होता, तिथे एकदाचे ब्लॉक बसवून टाकू असं लेकीने ठरवलं होतं, आणि ठेकेदार भाव सांगायला आला होता. एवढंच.

"ताई, लोक आधी लांबी-रुंदी धरून बसतात," ठेकेदार टेप गुंडाळत म्हणाला. माणूस बोलघेवडा, पण कामाचा दिसत होता. "लांबी-रुंदी तर टेप सांगते. भाव बाकीच्या गोष्टी ठरवतात. ब्लॉक किती जाड घ्यायचा, वरून नुसती स्कूटर जाणार की मोठी गाडी, पाण्याला उतार कुठे द्यायचा, खडीचा ट्रक आत येणार की गल्लीत ओतून घमेल्यांनी वाहायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे खाली काय आहे. वरचं दिसतं हो सगळ्यांना. पैसा खातं ते खालचं."

"मग आमचं स्वस्तात होणार," लेक हसून म्हणाली. "इथे डाव्या हाताला, त्या कुंड्या आहेत ना, तिथे पूर्वी आड होता. बाबांनी स्वतः उभं राहून भरून घेतलाय. बावीस गाड्या दगड!"

बावीस गाड्या. या दोन शब्दांवर आजोबांनी एकतीस वर्षं काढली होती. घरात कोणी काम अर्धवट सोडलं की, "बावीस गाड्या दगड टाकलाय मी, मध्येच दमलो नाही." जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहाआधी त्याला बावीस गाड्या ऐकाव्या लागल्या. गल्लीतले लोक तर त्यांना पाठीमागे 'बावीसगाडे' म्हणत, आणि ते कानावर आलं तरी आजोबा रागावत नसत, उलट सुखावत.

गाड्या सहा होत्या.

झालं होतं असं, की प्लॉट घेतला तेव्हा त्यात हा जुना आड निघाला. अरुंद, कठडा पडलेला आणि पाच पुरुष खोल. गवंड्याने हिशेब करून सांगितलं, बावीस गाड्या दगड लागेल. सहा गाड्या पडल्या आणि टेम्पोवाल्याचा टेम्पो मोडला. घर बघायला पाहुणे रविवारी यायचे होते, लेक तेव्हा पाच वर्षांची, दिवसभर उंडारणारी. मग आजोबांनी आडाच्या तोंडावर जुन्या दारांच्या फळ्या टाकल्या, फळ्यांवर पत्रे, पत्र्यांवर दीड हात माती, आणि चोपून सारखं केलं. पुढच्या आठवड्यात उकरून नीट भरू, म्हणाले. रविवारी आजोबांचे सासरे आले. जावयाच्या हातून काही धड होत नाही असं सासऱ्यांचं ठाम मत. त्यांनी विचारलं, आड भरला का? आणि आजोबांच्या तोंडून निघून गेलं, भरला की, बावीस गाड्या. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पाठ थोपटली. झालं. त्या पाठ थोपटण्यावर पुढचा आठवडा गेला, मग वर्ष गेलं, मग सासरे गेले, बायको गेली. आड तिथेच राहिला.

तिथे कोणी पाय ठेवू नये म्हणून त्यांनी सिमेंटच्या नऊ मोठ्या कुंड्या गोल मांडल्या होत्या, आडाच्या काठाबाहेर, घट्ट जमिनीवर. आजोबांना झाडांचं भारी वेड, असं सगळे समजत. कुंड्यांना पाणीसुद्धा ते बेताने घालत, माती भिजायला नको म्हणून.

"बावीस गाड्या?" ठेकेदाराने मान डोलावली. "आणि तीस वर्षं बसलेला भराव. मग काय, खोदाई वाचली, तेवढ्या भागात खालचा दगडाचा थरही नको. वरच्यावर खडी टाकून रोलर फिरवला की झालं." त्याने वहीतला आकडा खोडून लहान आकडा लिहिला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "आजोबा, पहार मारून बघू का एकदा? मनाची खात्री."

हीच ती वेळ होती. 'बघा' असा एक शब्द तोंडातून काढला असता तरी पुरे होतं. पण समोर लेक कौतुकाने बघत उभी होती, आणि तिच्या कडेला सहा वर्षांची नात, जिला घरात भिंगरी म्हणत.

"कशाला?" आजोबा म्हणाले. "मी स्वतः उभा होतो ना तिथे."

"बाबांचा शब्द म्हणजे दगड," लेक म्हणाली, आणि ठेकेदार हसत हसत निघून गेला.

दोन दिवसांनी दुपारी त्याची दोन माणसं आली आणि नऊच्या नऊ कुंड्या उचलून भिंतीशी नेऊन ठेवल्या. आजोबा वामकुक्षी घेत होते. जाग आली ती टप टप आवाजाने. खिडकीतून बघतात तर काय, रिकाम्या झालेल्या त्या गोलात भिंगरीने काठीने चौकोन आखले होते आणि ती एका पायावर लंगडी घालत होती.

ओरडावं, तर दचकून ती जोरात उडी मारेल. धावावं, तर पाय उचलेनात. कसेबसे दारापर्यंत गेले आणि शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, "भिंगरे, आइस्क्रीम खायचं का? हळू ये. चालत ये."

"थांब ना आजोबा, हे बघ," ती म्हणाली. तिने गोलाबाहेर जाऊन एक उडी मारली, मग आत येऊन एक. "इथे वेगळा आवाज येतो. डब्यासारखा."

ती घरात आल्यावर आजोबांनी तिला मांडीवर घेतलं ते सोडेचनात. आइस्क्रीम वितळून दोघांच्या कपड्यांवर सांडलं. लेक म्हणाली, "बाबा, अंग का थरथरतंय तुमचं? ताप आहे का?" आणि ताप आहे, असं ते म्हणाले. एकतीस वर्षांपूर्वीच्या थापेच्या वर ही आणखी एक थाप. जेवताना दोनदा त्यांनी तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. पहिल्यांदा लेक जावयाला सांगत होती की बाबांमुळे खर्च किती वाचला. दुसऱ्यांदा भिंगरी पाढे म्हणत होती. लाज वाटून मिटलेलं तोंड आजोबांनी मग घास घ्यायलाही उघडलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की भिंगरी बाहेर जाऊ नये म्हणून घराच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली घेऊन पडले.

सकाळी आठ वाजता रोलर आला. अडीच टनांचा, पिवळा. चालवणारा आजारी पडला म्हणून ठेकेदार स्वतःच वर बसला होता, आणि खुशीत होता. "आजोबा, बाजूला खुर्ची टाकून बसा, मजा बघा," तो वरून म्हणाला. उजव्या बाजूने रोलर गॅरेजपर्यंत गेला आणि परत आला. घराची तावदानं थरथरत होती. पायरीवर लेक भिंगरीचा हात धरून उभी होती. ठेकेदाराने चाक वळवलं आणि रोलर डाव्या बाजूला लागला.

आजोबांना त्या क्षणी एवढंच दिसलं, की ठेकेदाराच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय आणि तिथे कोणीतरी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने दुसरं बटण शिवलंय. या माणसाच्या घरीही कोणीतरी होतं.

ते उठले आणि चालत जाऊन गोलाच्या मधोमध उभे राहिले. एकतीस वर्षांत त्या मातीवर त्यांनी एकदाही पाय ठेवला नव्हता. आज ठेवला.

रोलर चार हातांवर थांबला. "अहो आजोबा, काय हे! सरका."

"बावीस नाहीत," आजोबा म्हणाले. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. ठेकेदाराने इंजिन बंद केलं. मग सगळ्यांना ऐकू आलं. "बावीस नाहीत. सहा आहेत. वर फळ्या आहेत. खाली पोकळ आहे."

तेवढ्यात आजोबांच्या पायाखाली काहीतरी करकरलं, थोडी माती सुटली, आणि बऱ्याच वेळाने खालून तिचा आवाज आला.

"हलू नका," ठेकेदार म्हणाला. रोलर मागे घ्यायचं धाडस न करता तो मागच्या बाजूने हळूच उतरला, लेकीच्या मदतीने गॅरेजमधली लांब शिडी आणून ती जमिनीवर आडवी सरकवली. "झोपा तिच्यावर. पोटावर. आता सरकत या. खाली बघू नका."

आजोबा सरकत आले. शेवटच्या दोन हातांवर लेकीने त्यांचे दंड धरून त्यांना ओढून घेतलं. मग ठेकेदाराने लांबून गोलात पहार फेकली. ती मातीत रुतून उभी राहायला हवी होती. ती गेली. मग खालच्या दगडांवर ती खणकन आदळली.

ठेकेदार पायरीवर बसला. "मी विचारलं होतं," एवढंच तो म्हणाला. "पहार मारू का, म्हणून मी विचारलं होतं." मग त्याने वही काढली आणि लिहिलेला लहान आकडा खोडला. लेकीने नवा आकडा किती ते विचारलंसुद्धा नाही. ती तुटक्या फळीच्या भोकाकडे बघत होती.

"मी लहानपणी तिथे…" ती बोलायला लागली, आणि वाक्य तिने तसंच सोडलं.

आजोबांना वाटलं होतं, खरं बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. क्षणभर ते उतरलंही. कोणाला काही झालं नव्हतं. सगळे धडधाकट समोर होते. त्यांनी भिंगरीकडे हात पुढे केला.

भिंगरी आली नाही. ती भोकाकडे बघत होती, मग तिने कालच्या अर्धवट पुसलेल्या चौकोनांकडे बघितलं, आणि मग आजोबांकडे.

"आजोबा," तिने विचारलं, "मी काल उड्या मारत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. सवयच होती.

"हो," आजोबा म्हणाले. "माहीत होतं."

भिंगरीने मान हलवली, आईचा हात घट्ट धरला, आणि पाय ठेवण्याआधी प्रत्येक पायरी चपलेने दाबून बघत ती घरात गेली.